नकारात्मक विचार बदलायचा म्हणजे नेमके काय बदलायचे?

मागचे व्याख्यान चार्वाकांच्या प्रमाणविचारावर होते. ते संपवून आम्ही जिना उतरत होतो. गुडघ्यांमुळे हल्ली आम्ही एकेक पायरी मोजून उतरतो, त्यामुळे ज्याला आम्हाला गाठायचे असते त्याला घाई करावी लागत नाही. एक तरुण मागून आला. लातूरकडचा. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो आणि एमपीएससीची तयारी करतो. तो म्हणाला, "सर, सहावं वर्ष चालू आहे. आता थांबावं का, असा विचार रोज येतो. आमचे मार्गदर्शक म्हणतात, हा निगेटिव्ह विचार आहे. तो आला की लगेच उचलून बाहेर टाकायचा आणि त्याच्या जागी 'माझी पोस्ट निघणारच' हा विचार ठेवायचा. मी ठेवतो. पण तो टिकत नाही, सर. माझ्यात काय कमी आहे?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, पण जिन्यात उभ्या उभ्या याचे उत्तर देता आले नाही. पुढच्या वेळी बोलू, असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. आजचे व्याख्यान म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. तो आज आला आहे की नाही, या दिव्यांमुळे आम्हाला दिसत नाही. पण तुमच्यातल्या अनेकांच्या घरात तो आहेच.

त्याचे शेवटचे वाक्य लक्षात घ्या. माझ्यात काय कमी आहे? उपाय लागू पडला नाही, तर दोष उपायाचा नाही, रोग्याचा. एखाद्या वैद्याने असा हिशोब लावला तर आपण दुसऱ्या वैद्याकडे जाऊ. विचारांच्या बाबतीत मात्र आपण मान खाली घालतो. हे असे का होते, ते आज बघायचे आहे.

आधी शब्दाकडे बघू. 'नकारात्मक विचार' हा शब्द आमच्या लहानपणी घरात कोणी वापरत नसे. मग तेव्हा लोकांना असे विचार येत नव्हते का? भरपूर येत होते. पण त्यांना निरनिराळी नावे होती. जिवाला घोर लागतो. धास्ती बसते. मन खाते. माणूस कुढतो, झुरतो. शंकाकुशंका काढतो. एखाद्याचे वाईट चिंततो. आणि मनात पाल चुकचुकते. आता ही सगळी एकच गोष्ट आहे का? मन खाते तेव्हा आपण काहीतरी चुकीचे केलेले असते. पाल चुकचुकते तेव्हा समोरच्या व्यवहारात काहीतरी खोट असण्याचा संभव असतो, आणि ती चुकचुक ऐकली नाही म्हणून पैसे बुडालेली माणसे तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याचे वाईट चिंतणे हा तर सरळ सरळ नीतीचा प्रश्न. या सगळ्यांवर एकच 'निगेटिव्ह'चा शिक्का मारला की औषधही एकच उरते : काढा आणि दुसरा ठेवा. गंमत म्हणजे करोनाच्या काळात हाच शब्द ऐकायला आपण किती आसुसलेलो असायचो. रिपोर्ट निगेटिव्ह आला की पेढे! (हशा)

नकारात्मक म्हणून आपण जे विचार एका पोत्यात भरतो त्यात निदान तीन जाती मिसळलेल्या आहेत. काही विचार खोटे असतात. काही दुष्ट असतात. आणि काही नुसतेच नकोसे असतात, म्हणजे खरे, पण कडू. खोट्या विचाराच्या जागी खरा आणावा, दुष्टाच्या जागी चांगला आणावा, याबद्दल वाद नाही. प्रश्न तिसऱ्या जातीचा आहे. खऱ्या पण कडू विचाराच्या जागी गोड पण खोटा विचार ठेवला, तर आपण काय कमावले? आमची तक्रार आहे ती एवढीच. सकारात्मक विचारांचा जो प्रचार आज चालतो तो खरे-खोटे हा प्रश्न विचारतच नाही. तो फक्त चव बघतो.

आमची आजी हा प्रचार करायची, पण तिची तऱ्हा वेगळी होती. संध्याकाळी कुणी काही वाईटसाईट बोलले की ती म्हणे, "अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते." आता ही अंधश्रद्धा झाली, मान्य. पण आजीचे दुसरे वागणे बघा. तांदळाच्या डब्यात तळाशी तिने अडीनडीला म्हणून पैसे पुरलेले असत. पावसाळ्याच्या आधी गोवऱ्या, लाकडे भरलेली. म्हणजे वाईट बोलायचे नाही, पण वाईटाची तयारी पुरेपूर. तिने बंदी घातली होती ती जिभेवर, विचारावर नाही. आजचा प्रचार विचारावरच बंदी घालतो आणि वर म्हणतो, तांदळाच्या डब्यात पैसे ठेवणे हेही निगेटिव्ह, कारण त्याचा अर्थ तुमचा विश्वास डळमळीत आहे. त्या मुलाला हेच सांगितलेले होते. दुसरा पर्याय हाताशी ठेवलास म्हणजे तू मनाने हरलास.

हे विचार कुठून आले? थोडक्यात सांगतो, कारण ही कथा अनेकदा सांगितली जाते. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होते, जन्म १८५७चा, मृत्यू १९२६चा. त्यांच्या लक्षात आले की औषध देताना दोन कौतुकाचे शब्द बोलले तर गुण जास्त येतो. पुढे नान्सी या गावी ते लोकांना स्वयंसूचना शिकवू लागले. दिवसेंदिवस आपण सगळ्या बाजूंनी सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटायचे. मोजायला वीस गाठींची दोरी. आपल्याला जपमाळेची आठवण येईल. नंतर हा माल अमेरिकेत गेला. तिथे १९५२ साली न्यूयॉर्कचे एक धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचे पुस्तक आले, २००६ साली रॉन्डा बर्न यांचे 'द सीक्रेट' आले, आणि आज एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर याच वंशातली मराठी भाषांतरे वेफर्सच्या पाकिटांशेजारी मिळतात. पण कुए बिचारे या वंशजांपेक्षा सावध होते. ते म्हणत, इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पनाच जिंकते, म्हणून दात-ओठ खाऊन स्वतःला काही पटवू नका. जितका जोर लावाल तितके उलट होईल. आमच्या विद्यार्थ्याने कुएंचेच औषध घेतले होते, पण त्यांनी सांगितलेले पथ्य त्याला कुणी सांगितले नव्हते.

आता जरा थांबून एका गोष्टीवर बोलायचे आहे, कारण ती आमच्या विषयातली आहे आणि तिच्यामुळे आमची चिडचिड होते. असे सांगितले जाते की हे सगळे आपल्याकडे आधीच होते, पतंजलींनी योगसूत्रांत लिहून ठेवले आहे. पुरावा म्हणून साधनपादातले तेहेतिसावे सूत्र दाखवतात. त्यात 'प्रतिपक्षभावन' हा शब्द आहे. वितर्क त्रास देऊ लागले की प्रतिपक्षाची भावना करावी. झाले! म्हणजे वाईट विचार आला की चांगला विचार करा. योगवर्गात, पुस्तकात, फॉरवर्डमध्ये, सगळीकडे हेच.

पण पुढचे सूत्र वाचायला किती वेळ लागतो? चौतिसाव्या सूत्रात पतंजलींनी वितर्क म्हणजे काय ते स्वतःच सांगितले आहे. वितर्क म्हणजे हिंसा इत्यादी. यमांच्या उलट जे जे, ते ते. मारावे, खोटे बोलावे, दुसऱ्याचे घ्यावे, साठवावे. ते आपण केलेले असोत, करवलेले असोत किंवा नुसते अनुमोदलेले असोत. लोभाने, क्रोधाने किंवा मोहाने आलेले असोत. सौम्य, मध्यम किंवा तीव्र असोत. व्यासभाष्याने तर गुणाकार करून एकट्या हिंसेचे ८१ प्रकार दाखवले आहेत. आता सांगा, "मी परीक्षेत नापास होईन" हा विचार यात कुठे बसतो? कुठेच नाही. पतंजलींना तुमची उदासी हा विषयच नव्हता. "शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत रात्रीतून हातभर सरकवावी", हा वितर्क. उलट, "माझ्याकडे कोट्यवधी रुपये येत आहेत, येत आहेत" असे जे रोज सकाळी आरशासमोर म्हणायला लावतात ना, ते लोभातून निघालेले आणि परिग्रहाकडे जाणारे. म्हणजे पतंजलींच्या हिशोबात ते औषधाच्या नाही, रोगाच्या बाजूला जाण्याचा संभव जास्त.

आणि प्रतिपक्ष म्हणजे काय? गोड विचार? अजिबात नाही. त्याच सूत्रात आहे : या वितर्कांचे फळ न संपणारे दुःख आणि अज्ञान आहे, असे मनात आणणे म्हणजे प्रतिपक्षभावन. व्यासांनी दिलेले उदाहरण तर जेवताना सांगण्यासारखे नाही. साधकाने स्वतःला म्हणायचे की संसाराच्या निखाऱ्यांत भाजून मी योगाच्या आश्रयाला आलो, आणि टाकलेले तेच पुन्हा तोंडात घेऊ लागलो तर ओकलेले चाटणाऱ्या कुत्र्यात आणि माझ्यात फरक काय? यापेक्षा निगेटिव्ह विचार तुम्हाला कुठे मिळेल? आजच्या भाषेत सांगायचे तर पतंजलींनी दुष्ट पण गोड विचाराच्या जागी खरा पण कडू विचार ठेवायला सांगितला. त्यांच्या नावावर आज बरोबर उलट चालले आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यात जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि रोग यांतले दुःख आणि दोष वारंवार पाहणे हे एक लक्षण आहे. हे अज्ञानाचे लक्षण नाही, ज्ञानाचे आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर किती विस्ताराने लिहिले आहे, ते ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरी आहे त्यांनी आज रात्री काढून बघावे. तुकोबांची गाथा तर निराशेच्या, स्वतःवरच्या रागाच्या अभंगांनी भरलेली आहे. त्या काळी कुणी त्यांना "बुवा, पॉझिटिव्ह राहा" असे सांगितले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर आपले किती नुकसान झाले असते!

विचार बदलण्याची अधिक बारीक चर्चा बौद्धांकडे आहे. मज्झिमनिकायात 'वितक्कसंठाणसुत्त' नावाचे विसावे सुत्त आहे. त्यात पाच उपाय दिले आहेत. पहिला उपाय बदलण्याचाच आहे, आणि दृष्टांत सुताराचा आहे : जाड खुंटी बाहेर काढायची तर बारीक खुंटी तिच्यावर ठोकायची. दुसरा उपाय त्या विचारातला धोका पाहण्याचा. तिसरा, त्याच्याकडे लक्ष न देण्याचा, जसे नको ते दिसले की माणूस डोळे मिटतो. चौथा आम्हाला फार आवडतो. धावत चाललेला माणूस स्वतःला विचारतो, मी इतका घाईत का? मग सावकाश चालतो, मग थांबतो, मग बसतो, मग आडवा होतो. विचाराची गती अशी पायरीपायरीने उतरवायची. आणि काहीच जमले नाही तर पाचवा, दात आवळून, जीभ टाळूला लावून त्याला दाबायचे. म्हणजे दडपणे हा शेवटचा उपाय. आपल्याकडे तो पहिला करून टाकला आहे. आणि इथेही काढून टाकायचे विचार कोणते? आसक्ती, द्वेष आणि मोह यांच्याशी जोडलेले. कसोटी कुशल-अकुशल ही आहे, सुखद-दुःखद ही नाही.

दडपण्याबद्दल आपल्या लोककथेतही शहाणपण आहे. वैद्याने पुडी दिली आणि सांगितले, औषध घेताना माकडाची आठवण मात्र काढू नका. मग काय होणार? पुडी हातात घेतली की माकड हजर. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. ज्यांना अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितले, त्यांच्या मनात ते डोकावत राहिले, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर जास्तच आले. कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की ज्यांचे स्वतःबद्दलचे मत आधीच खाली गेलेले आहे, त्यांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असे पुन्हा पुन्हा म्हणायला लावले की त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटते. एका प्रयोगावर फार भार टाकू नये, हे आम्हालाही कळते. पण कारण समजण्यासारखे आहे. वाक्य मोठ्याने म्हटले की आतून लगेच उलटा आवाज येतो, "हो का? मग कालचं काय?" आपण साक्षीदाराला बोलावतो आणि तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो.

गॅब्रिएल ओटिंगन यांचे काम याहून उपयोगाचे आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा त्यांनी थॉमस वॅडन यांच्याबरोबर अभ्यास केला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला जमेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचे वजन जास्त उतरले. पण आपण बारीक झालेल्या कशा दिसू याची गोड चित्रे ज्या रंगवत बसल्या, त्यांचे कमी उतरले. अपेक्षा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. अपेक्षेला मागचा अनुभव लागतो. दिवास्वप्नाला काहीच लागत नाही, म्हणून तर ते स्वस्त असते.

तर मग विचार बदलूच नयेत का? तसे आम्ही म्हणत नाही. बदलण्याची एक प्रामाणिक रीत आहे, आणि ती मराठी वाचकाला नवी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे आणली आणि मराठीतून लिहून घराघरांत पोहोचवली. एलिस यांनी आधार घेतला तो एपिक्टेटस या, एके काळी गुलाम असलेल्या, स्टोइक तत्त्वज्ञाचा : माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलची त्याची मते करतात. इथपर्यंत सकारात्मकवालेही मान डोलावतील. फाटा पुढे फुटतो. एलिस म्हणत नाहीत की मत गोड करा. ते म्हणतात, मत तपासा. ते खरे आहे का? त्याला पुरावा काय? आणि तुम्ही इच्छेची मागणी तर केली नाही ना?

ही इच्छा आणि मागणी मराठीत फार सोपी दिसते. आपल्याकडे एक अक्षर आहे, 'च'. "मला पोस्ट मिळायला हवी" ही इच्छा. "मला पोस्ट मिळायलाच हवी" ही मागणी. त्या एका अक्षराने माणसाची झोप जाते. कारण त्या 'च'च्या मागे न बोललेले दुसरे वाक्य असते, नाही मिळाली तर मी कुचकामी. आता सकारात्मक विचार इथे काय करतो बघा. तो 'मिळायलाच हवी' काढतो आणि 'मिळणारच' ठेवतो. 'च' तिथेच! घर बदलले, भाडेकरू तोच. एलिस यांची रीत 'च' काढण्याची आहे. मला ही पोस्ट हवी आहे, मनापासून हवी आहे. मिळालीच पाहिजे असा जगाचा नियम नाही. न मिळाल्यास मला वाईट वाटेल, आणि वाईट वाटलेच पाहिजे असे ते आहे. पण त्याने माझी किंमत ठरत नाही. या वाक्यात गोड काय आहे? फारसे काही नाही. पण यातले एकही वाक्य खोटे नाही, म्हणून आतून उलटी साक्ष येत नाही. आणि हेही लक्षात घ्या की एलिस दुःख काढून टाकत नाहीत. काळजी राहू द्या, तिने माणूस कामाला लागतो. भयाने हातपाय गळतात, त्याच्याकडे बघा. दुःख राहू द्या, पण खचणे तपासा.

इतका वेळ आम्ही पुस्तकी बोललो. आता जे सांगायचे आहे ते सांगायचे की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. घरी विचारले. "सांगा," म्हणाल्या.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींना अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. त्या रात्री त्यांनी आम्हाला सांगितले आणि म्हणाल्या, "मला भीती वाटतेय." त्या काळात आम्ही असल्या विषयांवर व्याख्याने द्यायचो, टाळ्या मिळायच्या. आम्ही काय म्हणालो? "उगाच निगेटिव्ह विचार करू नकोस. काही नसेल. मन प्रसन्न ठेव." त्यांनी आमचे ऐकले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे ऐकले. पुढे दिवाळी झाली, भाचीचे लग्न झाले. भीती वर आली की त्या तिला आत ढकलायच्या आणि आम्हाला सांगायच्याही नाहीत, कारण सांगणे म्हणजे आमच्या परीक्षेत नापास होणे. चार महिने गेले. मग तपासणी, मग शस्त्रक्रिया, मग केमो. आज त्या ठीक आहेत, इथेच दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. पण चार महिन्यांपूर्वी जे लहान होते ते तेव्हा लहान राहिले नव्हते. तो विचार नकारात्मक होता का? तो बरोबर होता. त्याच्या जागी आम्ही जो ठेवायला सांगितला तो आमच्या सोयीचा होता. खरे तर घाबरलो होतो ते आम्ही, आणि आमची भीती झाकायला आम्ही त्यांना प्रसन्न राहायला सांगितले. हे कळायला आम्हाला फार वेळ लागला.

पुढचा भाग त्यांच्या शब्दांत सांगतो. आजारपणात भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणे, "वहिनी, पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार तिथेच बरा होतो." त्या म्हणतात, "केमोनं जीव जायची वेळ यायची आणि आलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून मला हसावं लागायचं. एक दिवस रडले तर सगळ्यांना वाटलं, आता हिचं काही खरं नाही." बार्बरा एरनराइक या अमेरिकन लेखिकेने, ज्यांची डॉक्टरेट जीवशास्त्रातली होती आणि ज्यांना हाच आजार झाला होता, २००९ साली या सक्तीच्या हसऱ्या तोंडावर एक संतापलेले पुस्तक लिहिले. ते आम्ही नंतर वाचले. प्रसन्न राहिल्याने उपचार सोसायला मदत होत असेल. त्याने गाठ विरघळते याला भरवशाचा पुरावा नाही. आणि विचारांनी आजार बरा होतो हे एकदा मान्य केले की विचारांनीच तो झाला, हे मागल्या दाराने आत येते. मग जो बरा होत नाही त्याने नीट विचार केला नाही, ज्याचा कांदा मातीमोल भावाने गेला त्याची मानसिकता चुकली, आणि ज्याची पोस्ट निघाली नाही त्याच्यात काहीतरी कमी आहे. बाजारभाव, जागांची संख्या, तपासणीला उशीर, हे सगळे अदृश्य होते. उरतो तो एकटा माणूस आणि त्याचे वाकडे विचार.

त्या मुलाकडे परत येऊ. "आता थांबावं का?" हा विचार दुष्ट नाही. खोटा आहे की खरा, हे आम्हाला माहीत नाही, आणि त्याच्या मार्गदर्शकांनाही माहीत नाही. कारण मुळात ते विधानच नाही. तो प्रश्न आहे. प्रश्नाच्या जागी घोषणा ठेवता येत नाही. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. आणि हे उत्तर ध्यानात मिळत नाही, वहीत मिळते. गेल्या तीन प्रयत्नांत किती गुण पडले, कटऑफपासून किती लांब राहिलो, अंतर कमी होतेय की वाढतेय? वयोमर्यादेची किती वर्षे उरली? वडील महिन्याला किती पाठवतात, आणि ते कशातून पाठवतात? थांबलो तर या सहा वर्षांतल्या अभ्यासाचे दुसरीकडे काय होऊ शकते? या वहीतून "अजून एक वर्ष" असेही उत्तर येऊ शकेल. आले तर येऊ दे, पण ते वहीतून येऊ दे. बाळा, तू आला असशील तर एवढेच : तो विचार रोज येतो याचा अर्थ तुझे मन दुबळे आहे असा नाही. दार वाजवणारा रोज येतो, कारण रोज कुणी दार उघडत नाही.

एक शंका तुमच्या मनात असेल. सगळी वही लिहून झाली, जे करायचे ते केले, तरी रात्री तीन वाजता तोच विचार परत येतो, तेव्हा? तेव्हा मात्र सुताराची बारीक खुंटी वापरायला आमची हरकत नाही. विचाराचे काम संपले आणि तरी तो रवंथ करत बसला, तर त्याला खुशाल हुसकावा. जप करा, रेडिओ लावा, उठून पाणी प्या, बौद्धांच्या त्या माणसासारखे धावण्यावरून चालण्यावर या. फक्त क्रम उलटा करू नका. आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या, मग झोपायला पाठवा. चार महिन्यांपूर्वी नाही, चार महिन्यांनंतर नाही, त्याच रात्री ऐका.

सौभाग्यवतींची आता वर्षातून एकदा तपासणी असते. आदल्या रात्री त्यांना झोप येत नाही. आम्ही पूर्वीसारखे काही सांगत नाही. त्या म्हणतात, "यंदा काही निघालं तर?" आम्ही म्हणतो, "निघालं तर डॉक्टर काय म्हणतात ते बघू. फाइल पिशवीत ठेवली आहे, रिक्षा साडेआठला सांगितली आहे." मग त्या जुन्या रिपोर्टची तारीख विचारतात, आम्ही दिवा लावून बघतो, सांगतो. कधी त्यानंतर झोप लागते, कधी लागत नाही. लागली नाही तर चहा होतो.

वेळ झाली आहे, समोरून चिठ्ठी आली आहे. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने बोला, आम्हाला उजव्या कानाने कमी ऐकू येते.